साधं पेट्रोल, शंभर ऑक्टेन की इथेनॉल?

पत्रादेवीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गातली मंडळी गोव्यात टाकी भरायला येतात, ती दरासाठी. हौशी रेसवाल्याचा प्रश्न उलटा असतो: लिटरमागे जास्त मोजले तर गाडी जास्त पळेल का?

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. प्लगने लावलेली ज्योत पोचायच्या आत सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकू नये, नॉकिंग होऊ नये, एवढीच त्या आकड्याची हमी. ती हमी वापरणारं इंजिन नसेल तर उपयोग शून्य. कंपनीतून आली तशीच असलेल्या बिनटर्बोच्या (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) स्विफ्टमध्ये शंभर ऑक्टेन ओतून फोंडा ते मडगाव ‘फरक जाणवला’ म्हणणारे भेटतात. फरक बहुधा खिशाला जाणवलेला असतो. अशा गाडीला पंपावरचं ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पुरतं. पूर्वीच्या ९१ ऐवजी त्याचं ऑक्टेन ९५ च्या घरात असतं. अ‍ॅव्हरेज थोडं पडेल. जुन्या एस्टीमचे रबरी पाइप आणि सील मात्र आधी बदला.

शंभर ऑक्टेन टर्बोवाल्यांसाठी. उन्हात टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापला की नॉकिंग हेरणारा नॉक सेन्सर टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, आणि ताकद गळते. तिथे हे पेट्रोल गळलेलं परत मिळवून देतं. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि टायमिंग वाढवून मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग) केला तर त्याहून पुढेही नेतं. पण शंभरवर केलेला मॅप तसाच ठेवून घरी परतताना साधं भरलंत, तर पिस्टनची जबाबदारी तुमची.

इथेनॉलची गंमत खरी इथे. किलोमागे त्यात पेट्रोलच्या साधारण ६० टक्केच ऊर्जा. तरी ते हरत नाही, कारण इंजिनाची मर्यादा हवेची असते, इंधनाची नव्हे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल दीडपटीहून जास्त जातं आणि ऊर्जेचा हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. वरचा नफा गारव्याचा: वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढतं, शिवाय ऑक्टेन शंभरच्या वर. टर्बोला आणखी काय हवं?

खर्च मात्र इंधन फवारणारे मोठे इंजेक्टर, गाडीतला मोठा इंधनपंप आणि नव्या मॅपचा. मिळण्याचीही पंचाईत आहे. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने इथेनॉल १०० सुरू केलं तेव्हा पाच राज्यांतले १८३ पंप निवडले. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्यात होते, मधला गोवा नव्हता. बरं, आणलंत तरी ते हवेतलं पाणी शोषतं. आमच्या जुलैत सैल झाकणाचा अर्धा कॅन गॅरेजात ठेवणं म्हणजे पाणी विकत घेणं. (फेणी घालू का, असं कोणीतरी विचारतंच. तिच्यात अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. ती शर्यतीनंतरच बरी.)

मिथेनॉलच्या वाटेला जाऊ नका: विषारी, अ‍ॅल्युमिनियम खाणारं, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसतही नाही. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, ते ऑक्सिजन सेन्सर आणि धूर साफ करणारा कॅटलिस्ट मारतं.

टर्बोवाले असाल तर पैसे काढण्याआधी ट्यूनरला (मॅप करणाऱ्याला) साध्या पेट्रोलवरचा लॉग, म्हणजे गाडी पळतानाची इंजिनची नोंद, दाखवायला सांगा. पूर्ण थ्रॉटलवर टायमिंग मागे जात नसेल आणि बूस्टही वाढवायचा नसेल, तर ते पैसे टायरांत घाला.