आठ महिने मॅक्रोवर: पतसंस्थेच्या याद्या साफ करण्याचा अनुभव

आमच्या पतसंस्थेच्या पाच शाखा आहेत. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत प्रत्येकीकडून सभासदांची एक्सेल फाइल येते आणि पाचांची तोंडं पाच दिशांना. कुणी मोबाइल नंबराच्या आधी शून्य लावतं, कुणी +९१, कुणी मधेच जागा सोडतं. तारखेच्या कॉलममध्ये एकदा 'दसऱ्याच्या आधी' असंही सापडलं होतं. हे सगळं एका साच्यात बसवण्यात माझे दोन दिवस जायचे. गेल्या ऑगस्टपासून हे काम मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलकडून ठरलेली कामं आपोआप करून घेणाऱ्या कोडवर, टाकलं. आता साधारण तासाभरात उरकतं, आणि त्यातला बराचसा वेळ मॅक्रोने रंगवलेले सेल तपासण्यात जातो.

सुरुवात सगळे करतात तशीच केली: 'रेकॉर्ड मॅक्रो' दाबलं, एकदा हाताने साफसफाई केली, 'स्टॉप' दाबलं. पहिल्या महिन्यात फार कौतुक वाटलं. दुसऱ्या महिन्यात यादी सत्तर ओळींनी वाढली आणि त्या सत्तर ओळी जशाच्या तशा राहिल्या, कारण रेकॉर्डरने मागच्या महिन्याचा शेवटचा सेल पत्त्यासकट पाठ केला होता. तेव्हा कुठे व्हीबीएचा (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचा) कोड उघडून बघायची वेळ आली. मी कॉमर्सवाली, पण शेवटची ओळ शोधायची कशी आणि एकेका ओळीवरून फिरायचं कसं, एवढ्या दोन गोष्टींत निम्मं काम झालं.

पहिला खरा दणका जागांचा. नावापुढची मोकळी जागा 'ट्रिम' हे जादा जागा काढणारं फंक्शन लावूनही जाईना. ती साधी जागा नव्हतीच, वेबपेजवरून कॉपी करताना येणारी १६० क्रमांकाची न तुटणारी जागा होती. ती आधी साध्या जागेत बदलायची, मग ट्रिम. शिवाय व्हीबीएतलं ट्रिम फक्त दोन टोकांच्या जागा काढतं, शब्दांमधल्या दुहेरी जागांना हात लावत नाही. शीटमधलं ट्रिम त्याही काढतं. नाव एकच, काम वेगळं.

मग मराठी. आमच्या भागात गावाच्या कॉलममध्ये कऱ्हाड हमखास असतं, आणि गावनिहाय बेरजेत ते दोनदा यायला लागलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. 'लेन' लावून अक्षरं मोजली तेव्हा एकात ६, दुसऱ्यात ७. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर होतं, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक. कीबोर्ड वेगळा, की टाइप होणारी अक्षरंही वेगळी. वऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे या आडनावांतही तेच. हे बदल कोडमध्ये लिहायला गेले तर व्हीबीएच्या खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! एकेक अक्षर त्याच्या क्रमांकाने लिहिता येतं (देवनागरी शून्य २४०६, नऊ २४१५), आणि १२३ चे 123 करायला तेवढं पुरतं. गावांच्या नावांना मात्र तो उद्योग कोण करणार? त्यापेक्षा 'बदल' नावाची एक शीट केली, डावीकडे चुकीचं, उजवीकडे बरोबर, आणि मॅक्रो तिथूनच वाचतो. या आठ महिन्यांतला हा माझा सगळ्यात उपयोगी निर्णय. आता कॅशियरताईसुद्धा कोडला हात न लावता त्यात नवीन ओळ टाकतात.

सगळ्यात महाग पडल्या त्या तारखा. एका शाखेची फाइल सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेल्या साध्या मजकुरात) येते. ती हाताने उघडली तर तारखा बरोबर, मॅक्रोने उघडली तर ५ एप्रिलचं ४ मे. मॅक्रोतून सीएसव्ही उघडताना एक्सेल तारीख अमेरिकी पद्धतीने वाचतो. 'लोकल' हा पर्याय 'ट्रू' दिला तरच आपल्या कॉम्प्युटरची पद्धत धरतो. १ ते १२ तारखा गुपचूप उलटल्या आणि १३ पासून पुढच्या मजकूर म्हणून डावीकडे चिकटून बसल्या (खऱ्या तारखा सेलमध्ये उजवीकडे दिसतात). डावी-उजवी दिसली म्हणून कळलं, नाहीतर ठेवींचं व्याज चुकलं असतं.

काही घाण मॅक्रोला कधीच साफ करता येणार नाही, हेही सांगते. सोळा आकडी खातेक्रमांक संख्या म्हणून उघडला की एक्सेल पंधरा आकडेच खरे ठेवतो, सोळाव्याचा शून्य होतो. तो आकडा परत आणायचा कुठून? कॉलम 'टेक्स्ट' ठरवूनच फाइल आत घ्यायची, इलाज तेवढाच. पॅनमध्येही शून्याच्या जागी इंग्रजी ओ येतो. जागा ठरलेल्या असल्यामुळे (पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर) मॅक्रो तो दुरुस्त करू शकला असता. मी मुद्दाम करू देत नाही, तो फक्त सेल लाल करतो. सभासदाच्या पॅनवर अंदाज लढवायचा अधिकार मला नाही, तर त्याला कुठून?

आणि 'अनडू'. मॅक्रो चालला की मागे फिरायची वाट बंद होते, कंट्रोल-झेड काहीच करत नाही. नोव्हेंबरमध्ये चुकून कर्जाची शीट समोर होती आणि मी बटण दाबलं. सेव्ह केलेली नव्हती म्हणून वाचले. तेव्हापासून मॅक्रो आधी प्रत काढतो, शीटचं नाव तपासतो आणि मगच कामाला लागतो.

वेगाचं थोडक्यात: अकरा हजार ओळी सेलागणिक वाचताना चार मिनिटं लागायची, सगळं एकदम मेमरीतल्या तात्पुरत्या तक्त्यात, म्हणजे अ‍ॅरेत उचलून, तिथे साफ करून परत टाकलं की काही सेकंदांत होतं. मेलवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ सालापासून एक्सेल आपणहून अडवतो, त्यामुळे शाखांना मी मॅक्रोची फाइल पाठवतच नाही, त्यांच्या फायली माझ्याकडे घेते. ब्राउझरमधल्या एक्सेलवर व्हीबीए चालत नाही, मोबाइलवरही नाही. आणि खरं सांगायचं तर निम्म्या कामाला पॉवर क्वेरी (डेटा आत घेऊन साफ करायची एक्सेलमधलीच सोय) पुरली असती, नव्याने कुणी सुरू करत असेल तर आधी तीच बघा. रंगवणं आणि बदलांची नोंद ठेवणं यासाठी मात्र मला मॅक्रोच बरा वाटतो.

एका शाखेची जुनी यादी अजून युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे, फॉन्ट बदलला की नुसती इंग्रजी चिन्हं. तिच्यासाठी मॅक्रो लिहायला दोन संध्याकाळी घालवल्या, जोडाक्षरं फुटतच राहिली. शेवटी चारशे नावं हातानेच टाइप केली.