धुळीतले धातू: आधी रस्ता, मेट्रो की घराचा जुना रंग?

मुंबई-पुण्यातल्या कुटुंबाने हवेतल्या धातूंपासून वाचण्यासाठी पहिला पैसा कशावर घालावा: प्युरिफायरवर, मास्कवर की रंगाऱ्यावर? घराचा तेलरंग 2017 च्या आधीचा असेल आणि घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर आधी दारं-खिडक्या तपासा, कारण त्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. रस्त्याचा विचार त्यानंतर.

हिशोब असा आहे. हवेतल्या शिशाची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅम. हवा या मर्यादेला टेकलेली धरली, तरी दिवसाला सुमारे 8 घनमीटर हवा घेणाऱ्या लहान मुलाच्या श्वासात 4 मायक्रोग्रॅम शिसं जातं. जुन्या तेलरंगात 1 टक्का शिसं असेल, तर 1 मिलिग्रॅमच्या, जेमतेम दिसणाऱ्या पोपड्यात 10 मायक्रोग्रॅम असतं. रांगतं मूल गिळलेल्या शिशापैकी निम्म्यापर्यंत शोषून घेतं. शिसंमिश्रित पेट्रोल 2000 साली बंद झाल्यापासून रस्त्याचा वाटा घटला, खिडकीचा रंग मात्र जागेवरच राहिला.

दोष बहुधा भिंतीच्या चुन्यात किंवा डिस्टेंपरमध्ये नसतो. तो लाकडावरच्या आणि ग्रिलवरच्या तेलरंगात असतो, त्यातही पिवळा, लाल आणि हिरवा या छटांत. ग्रिलच्या तळाचा थर नीट पाहा. तांबूस-तपकिरी रेड ऑक्साइड म्हणजे मुख्यतः लोखंड, पण भडक केशरी थर शेंदराचा, म्हणजे शिशाचा असू शकतो. पिवळट प्रायमरमध्ये क्रोमियम असू शकतं. 1 नोव्हेंबर 2017 पासून शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे, मात्र ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. फॅब्रिकेटरने ग्रिलला औद्योगिक रंग मारला असेल, तर नव्या घरातही खात्री देता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक रंगकामातच होते. रंगारी कोरडा पॉलिश पेपर फिरवतात आणि वर्षानुवर्षं थरात बसून राहिलेलं शिसं एका दुपारी घरभर उडतं. रंग घट्ट असेल तर खरवडू नका, त्यावरच नवा हात द्या. पोपडे सुटत असतील तर पाणी मारून वॉटर पेपरने घासायला सांगा. खाली दोन मीटरपर्यंत प्लास्टिक अंथरा आणि ते उचलताना आतल्या बाजूने गुंडाळा. रंग जाळून काढायचा ब्लोलॅम्प वापरू देऊ नका, कारण तापलेल्या शिशाची वाफ होते. रंगाऱ्यालाही एन 95 मास्क द्या, त्याचा तर हा रोजचा संपर्क आहे. काम संपल्यावर झाडू न मारता दोन बादल्यांनी पुसा, एक साबणाच्या पाण्याची आणि एक स्वच्छ पाण्याची. शंका असेल तर पोपडा प्रयोगशाळेत द्या आणि मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास स्रोत शोधून तो बंद करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रोज तास-दीड तास दुचाकीवर जाणाऱ्याचं गणित वेगळं. त्याच्या वाट्याला ब्रेकमधलं लोखंड, तांबं, अँटिमनी आणि बेरियम येतं, टायरमधलं जस्त येतं. हे कण सर्वात दाट असतात ते सिग्नलला आणि उतारावर, जिथे सगळे एकदम ब्रेक दाबतात. तोंडावरचा रुमाल बारीक कण अडवत नाही. एन 95 अडवतो, पण दाढीवर तो नीट बसत नाही. इलेक्ट्रिक गाडीत ब्रेक कमी झिजतात, टायर मात्र झिजतातच. युरोपच्या नव्या युरो 7 नियमांत ब्रेकच्या धुळीला पहिल्यांदाच मर्यादा आली: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिक मोटारींना 3.

भुयारी मेट्रोत चाकं आणि रूळ झिजून उडालेलं लोखंड, थोडं मँगनीज असतं. वजनाने ते भरपूर भरतं, पण ते शिसं नव्हे आणि आपण तिथे थोडाच वेळ असतो. मुंबईच्या मेट्रो 3 च्या भुयारी स्थानकांत फलाटाला काचेची दारं आहेत, त्यामुळे बोगद्यातली हवा फलाटावर कमी येते. मास्क घालून दुचाकी की मेट्रो, असा प्रश्न असेल तर आम्ही मेट्रो निवडू.

शेजारी पुनर्विकास चालू असेल आणि धूळ तपासून घेतली, तर अहवालात लोखंड आणि ॲल्युमिनियम ठळक दिसेल. त्याने घाबरू नका. दख्खनच्या काळ्या पाषाणातच दहा टक्क्यांच्या आसपास लोखंड आहे आणि खडी, क्रश सँड त्याचीच. त्या अहवालात शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिकच्या ओळी वाचा. धूळ फुप्फुसाला वाईट आहेच, पण तो प्रश्न धातूंचा नाही.

दिवाळीत बेरियम, स्ट्राँशियम आणि ॲल्युमिनियम काही तासांपुरतं उसळतं. फुलबाजी मुलाच्या चेहऱ्याजवळ जळते, म्हणून हात लांब धरायला शिकवा आणि दुसऱ्या सकाळी गॅलरी ओल्या फडक्याने पुसा. गल्लीत रोज कचरा जळत असेल, तर त्याला दिवाळीपेक्षा वरचा क्रम द्या, कारण प्लास्टिक आणि वायरींच्या धुरात शिसं आणि कॅडमियम असतं आणि ते वर्षभर येत राहतं.

प्युरिफायर शेवटी घ्या. त्यातला हेपा फिल्टर उडते कण पकडतो, पण खिडकीच्या पट्टीवर बसलेलं शिसं तिथेच राहतं. खालच्या मजल्याची खिडकी वाहत्या रस्त्यावर असेल, तर तो झोपायच्या खोलीत दार बंद करून चालवा आणि भिंतीपासून हातभर पुढे ठेवा.