दंडावर 18 टक्के जीएसटी, आणि तो मी भरला

21,063 रुपये. सरकारी तपासणीवाले म्हणून दारात आलेल्या दोन भामट्यांना मी दिले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण कुणीही भेटलं की पहिला प्रश्न तोच असतो आणि उत्तर ऐकताना समोरच्याच्या तोंडावर जे येतं ते आता बघवत नाही. 15,000 फोनवरून स्कॅन करून, 6,063 रोख. वरचे 63 रुपये सुटे नव्हते म्हणून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून शंभराची मोड आणली. चोराची अडचण होऊ नये म्हणून चप्पल घालून बाहेर गेलो, असा मी.

मी काही अडाणी नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात 29 वर्षं हिशेब सांभाळले. विक्रीकर, व्हॅट, जीएसटी, सगळे बदल या हातांनी वह्यांत उतरवले. ओटीपी कुणाला देत नाही, लॉटरीचे फोन कट करतो, डिजिटल अरेस्टवाल्याला तर एकदा मीच अर्धा तास खेळवला होता. म्हणून लाज जास्त वाटते.

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकून आठवडा झाला होता आणि त्या दिवशी आमचा पाण्याचा दिवस होता. सोलापूरकराला पुढचं सांगायला नको. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, त्यात दाब कमी. मोटार लावलेली, ही गच्चीवर टाकीपाशी उभी, मी खाली पाईप धरून. अशा वेळी दारात देव आला तरी माणूस म्हणेल, थांब बाबा, टाकी भरू दे. दोघं बरोबर त्याच वेळी आले. आमच्या गल्लीचं पाणी कधी येतं हे त्यांना माहीत होतं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. पाण्याच्या दिवशी दारात कुणी ओळखपत्र घेऊन आलं तर त्याला बाहेरच उभं करा.

एक पस्तिशीचा, निळा शर्ट, गळ्यात फीत आणि कार्ड. दुसरा पोरगा, पाठीवर काळी सॅक, हातात लाल रंगाचा जुन्या धाटणीचा ट्रान्झिस्टर. बोलणं साखरेसारखं. ‘काका, दूरसंचारकडून आलोय. या पट्ट्यातून विमानाच्या रेडिओला अडथळा जातोय. तुमचा टीव्ही, इन्व्हर्टर, एलईडी बल्ब तपासायचेत.’

आम्ही होटगी रोडच्या बाजूला राहतो. इतकी वर्षं विमानतळ म्हणजे कुंपण आणि गवत होतं, आता डोक्यावरून खरंच विमान जातं. त्यात तो निळा शर्टवाला म्हणाला, ‘काका, विमानासाठी कारखान्याची एवढी मोठी चिमणी पाडली, तुमचा टीव्ही काय चीज आहे?’ 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी कोसळताना अख्ख्या सोलापूरने पाहिली आहे. त्या एका वाक्यात मी निम्मा गार झालो.

मग खेळ सुरू. पोरगा ट्रान्झिस्टर हॉलमधल्या एलईडीजवळ नेतो, खर्रर्र. मोबाइलच्या चार्जरजवळ, खर्रर्र. इन्व्हर्टरजवळ तर गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. पाण्याच्या मोटारीजवळही. ‘बघा, किती लीकेज आहे.’

नंतर मी सासऱ्यांचा माळ्यावरचा जुना रेडिओ काढून हेच केलं. मीडियम वेव्हवर काटा स्टेशन नसलेल्या जागी ठेवायचा आणि कुठल्याही एलईडीजवळ न्यायचा. ओरडतोच. तुमच्याही घरी ओरडेल, कलेक्टरच्या घरीही ओरडेल. आतल्या छोट्या सर्किटचा तो आवाज असतो. मीडियम वेव्ह साधारण 530 ते 1,600 किलोहर्ट्झ, विमानाचं बोलणं चालतं 118 ते 137 मेगाहर्ट्झवर. म्हणजे ओरडणारा सेट वेगळ्याच पेठेतला. हे मला आज पाठ आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं हा गुन्हा नाही असं मी स्वतःला रोज समजावतो.

बरं, थाप पूर्ण हवेतली असती तर मी फसलो नसतो. परवानगीशिवाय लावलेले मोबाइल सिग्नलचे बूस्टर दूरसंचार खातं खरंच काढून नेतं, त्याच्या बातम्या वाचलेल्या. आमच्या लहानपणी रेडिओलाही लायसन्स होतं. वडील पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तिकेवर तिकीट लागायचं. 1980 च्या दशकात ते बंद झालं, पण रेडिओ म्हटलं की सरकार असं आमच्या पिढीच्या डोक्यात कुठंतरी बसलेलं आहेच. तिशीतला माणूस हसून दार लावेल. हे लोक साठीचं दार बघून येतात.

‘घरात कुणाचा पासपोर्ट?’ असं त्याने सहज विचारलं. धाकट्याचा पासपोर्ट पोलीस पडताळणीला होता. मीच सांगितलं! त्यावर त्याने नुसता सुस्कारा सोडला आणि म्हणाला, ‘केस झाली तर अडकेल, पण तडजोडीत मिटवू.’

आता पावती. इथे मी रोज रात्री अडखळतो.

फिल्टर 3 नग, दर 2,450, म्हणजे 7,350. त्यावर 18 टक्के, 1,323. तपासणी फी 500 अधिक 90. आणि खाली: तडजोड दंड 10,000, जीएसटी 1,800.

दंडावर जीएसटी! सरकारी दंडावर जीएसटी लागत नाही हो. कायदा मोडल्याचा दंड ही काही सेवा नव्हे. हे मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवलंय. ती ओळ मी बोट ठेवून वाचली. आणि काय केलं? बेरीज तपासली. त्याने लिहिली होती 21,036, माझी येत होती 21,063. फरक 27. फरकाला 9 ने भाग गेला की अंक उलटे पडलेत, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शास्त्र. मी पेन काढलं, 21,036 वर रेघ मारली, बाजूला 21,063 लिहिलं आणि त्याला म्हणालो, ‘बेरजेत चूक होते तुमची.’ तो म्हणाला, ‘काका, तुमच्यासारखे लोक कमी राहिलेत.’ मला बरं वाटलं. चोराने माझी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं!

जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होत होता, महाराष्ट्राचा कोड, म्हणून समाधान मानलं. रात्री मोजले तर अक्षरं 14. लागतात 15. पावती हातात आली की अक्षरं मोजा, जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून बघा, फुकट आहे, मिनिट लागत नाही. माझ्याकडे मिनिट होतं. मी ते बेरजेत घालवलं.

ही गच्चीवरून खाली आली तेव्हा म्हणाली होती, ‘अहो, पैसे द्यायच्या आधी त्यांच्या साहेबाला फोन लावा ना.’ मी तिला त्यांच्यादेखत गप्प केलं. ‘तुला यातलं कळत नाही.’ ते वाक्य आता घरात कुणी उच्चारत नाही, पण भांडी घासताना ऐकू येतं. वर त्यांना चहा दिला, पोरगा उपाशी दिसला म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणीसुद्धा. चहा घ्यायला निळा शर्ट पुढे वाकला तेव्हा ट्रान्झिस्टर त्याच्या खिशातल्या मोबाइलजवळ आला आणि तसाच खर्रर्र वाजला. पोरग्याने पटकन बटण फिरवलं. दिसलं मला. दिसूनही दिसलं नाही.

स्कॅन केल्यावर स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं. सरकारी पैसा कुणा बापूराव-तात्यारावाच्या नावाने जात नाही, चलन असतं. पण तेव्हा टाकी भरून वाहत होती, मोटार बंद करायची होती, मी पिन दाबला.

‘नोंदीसाठी’ म्हणून आधारचा फोटोही काढून नेला. त्याच रात्री मुलाने पुण्याहून ओरडून आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करायला लावलं. आधारच्या सरकारी ॲपवर होतं. ज्यांनी केलं नसेल त्यांनी आजच करा, फसायची वाट बघू नका.

फिल्टर म्हणजे वायरीवर चापासारखी बसणारी काळी नळी. फेराइट म्हणतात. वस्तू खरी आहे, लॅपटॉपच्या केबलवर असतो तोच तो फुगवटा. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दाखवली. दुकानदार म्हणाला, ‘40 रुपये. तीन घेतले तर 100.’

आता पुढचं. चोरांनी मला 40 मिनिटं दिली, तीही हसतमुखाने. व्यवस्थेने 11 दिवस घेतले आणि एकदाही बसा म्हटलं नाही.

आमच्या हद्दीच्या ठाण्यात गेलो. ऑनलाइन पैसे गेले म्हणाल्यावर, ‘सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, ‘माणसं घरी आली, रोख दिली, हे सायबर कसं? ठाण्यात जा.’ परत ठाण्यात. आता ड्युटी बदललेली, सगळं पहिल्यापासून. ‘काका, वस्तू दिली ना त्यांनी? मग महाग मिळाली म्हणा.’ बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता, ‘पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार बरोबर आहे.’ दूरसंचारच्या एका कार्यालयात वॉचमननेच निकाल लावला, ‘आपल्याकडं असं कोणी नाही, लेखी द्या.’ लेखी दिलं. पोच मागितली तर शिक्का संपलाय. शिक्का कसा संपतो?

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. पण मी केला 26 तासांनी. पैसा खात्यात असेपर्यंतच गोठवता येतो, माझा तोवर पुढे गेला होता. लाजेपायी एक रात्र गप्प बसलो त्याची ही किंमत. लाज नंतर वाटू दे, फोन आधी करा.

भाच्याने, तो वकिली शिकतोय, कलमं लिहून दिली. भारतीय न्याय संहिता 318 फसवणूक, 204 लोकसेवक असल्याचं सोंग. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत, त्यांतल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर घ्यावाच लागतो. कागद घेऊन तिसऱ्यांदा गेलो. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. ‘कलमं आम्हाला शिकवू नका. अर्ज देऊन जा.’ अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे हे अर्ज दिल्यावर कळतं.

मग त्यांनी पावती उजेडात धरली.

‘ही खाडाखोड कुणाची?’

‘माझी.’

‘म्हणजे पुराव्यात तुम्हीच फेरफार केलाय.’

मी 9 ने भाग जाण्याचं शास्त्र सांगायला लागलो. शेजारचा हवालदार तोंड फिरवून हसला. अर्जात रक्कम त्यांनी 21,036 लिहिली, कारण ‘छापील पावतीवर तीच आहे’. कागदोपत्री माझे 27 रुपये तर गेलेच नाहीत.

गाडी काळी, एमएच 13, पुढचे आकडे घेतले नाहीत. सोलापुरात एमएच 13 सांगून काय उपयोग, कळतंय मला. लाल ट्रान्झिस्टर मात्र लक्षात ठेवा, त्याच्या एरियलच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी आहे. परवा दूध घ्यायला गेलो तेव्हा मागच्या नगरातल्या एक अक्का सांगत होत्या, त्यांच्याकडेही तपासणीवाले येऊन गेले, पण त्यांच्या पाण्याला अजून दोन दिवस होते, म्हणून पुन्हा येतो म्हणाले.