ऑस्करच्या टँकसाठी घेतलेलं ड्रॉप टेस्ट किट: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑस्कर पाळणाऱ्यांना सांगायला नको, हा मासा रुसतो. टँकमधला एखादा दगड जरी हलवला तरी तळाशी आडवा पडून राहतो, रंग काळपट करतो, खाणं नाकारतो. आणि खरंच आजारी पडला तरी नेमकं हेच करतो. त्यामुळे नुसतं बघून निदान करणं अवघड. त्यासाठीच टँकचं पाणी तपासायला पट्ट्यांऐवजी थेंबांचं किट घेतलं (ट्यूबमधल्या पाण्यात थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा), आणि औषध टाकायचं की नाही हे ठरवायला ते फार उपयोगी पडलं. आजाराचं नाव मात्र ते सांगत नाही.

सगळ्यात मोठा उपयोग नायट्राइटच्या बाटलीचा झाला (माशाच्या घाणीतून आधी अमोनिया, मग नायट्राइट बनतं, दोन्ही विषारी; फिल्टरमधले जिवाणू त्यांचं कमी घातक नायट्रेट करतात). वीज बराच वेळ गेली होती, फिल्टर बंद. नंतर मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागला, कल्ले भराभर हलत होते. हवेचा पंप जोरात चालू, अंगावर एकही पांढरा ठिपका नाही. अशा वेळी पहिला संशय कल्ल्यांतल्या परजीवींवर जातो. एरवी फिकट निळी राहणारी ट्यूब थेंब पडताच जांभळी झाली. नायट्राइट रक्तात शिरलं की हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, म्हणून पाण्यात हवा भरपूर असली तरी मासा गुदमरतो. निम्मं पाणी बदललं, थोडं मीठ घातलं (मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही), आणि रीडिंग खाली येईपर्यंत रोज थोडं थोडं पाणी बदलत राहिलो. औषधाची बाटली उघडावीच लागली नाही.

अमोनियाची टेस्ट चांगली आहे, पण एकटी वाचू नका. ती एकूण अमोनिया दाखवते. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 ला साधारण 5 टक्के. म्हणजे ट्यूबचा रंग तोच, धोका दहापट. शिवाय क्लोरामाइन (नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक) असलेल्या पाण्यात कंडिशनर (ते निष्प्रभ करणारं द्रावण) टाकल्यावर बांधला गेलेला, म्हणजे निरुपद्रवी झालेला अमोनियाही टेस्टमध्ये हिरवी छटा देतो, तेव्हा लगेच घाबरू नका. पिवळट दिव्याखाली तर शून्यसुद्धा 0.25 पीपीएम वाटतं. ट्यूब दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरायची.

नायट्रेटवर माझा राग आहे. दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाला बसतं, ती अर्धा मिनिट दणकून हलवली नाही तर रीडिंग खोटं कमी येतं. एवढं करूनही 40 आणि 80 चे लाल रंग वेगळे ओळखून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार. मी टँकच्या पाण्यात तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळून टेस्ट करतो आणि येईल त्या आकड्याची दुप्पट धरतो.

पीएचची साधी बाटली 7.6 ला थांबते. तिथे 7.6 आलं तर खरा आकडा त्याहून कितीही वर असू शकतो. मलावी सिच्लिड (जास्त पीएचच्या पाण्यात राहणारे आफ्रिकन मासे) असतील तर हाय रेंजची बाटली हवीच.

केएच (आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) मोजायची टेस्ट या किटमध्ये नव्हती, वेगळी घेतली. आता तीच जास्त वापरतो. निळं पाणी पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक डिग्री. ऑस्कर खादाड, त्याच्या घाणीचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. केएच संपत आलं की पीएच एकदम कोसळतो, फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, आणि वरून पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतं.

मधे माशाच्या डोक्यावर बारीक खड्डे दिसले. सगळी रीडिंग ठीक, नायट्रेटही आटोक्यात. मग विष्ठेकडे लक्ष गेलं: पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी लोंबणारी. खाणं तोंडात घेऊन थुंकून टाकत होता. ही लक्षणं आतड्यातल्या हेक्झामिटासारख्या परजीवीकडे बोट दाखवतात, त्यावर मेट्रोनिडाझोल हे औषध चालतं. खाण्यातून दिलं तर जास्त परिणाम होतो, अर्थात मासा खात असेल तर. पाण्यात दोष नाही एवढं किटने सांगितलं, पुढचं डोळ्यांनीच बघावं लागलं. पाण्यातला ऑक्सिजनही हे किट मोजत नाही, उन्हाळ्यात ते लक्षात ठेवा.

किरकोळ तक्रारी: ट्यूबची टोपणं गळतात, आणि रंगांचा तक्ता ओला झाला की फिका पडतो. घेतल्या घेतल्या त्याला प्लास्टिकचं कव्हर घाला.