आरसा घासायचं टूल: काच, डेंटल स्टोन की सिमेंट?

घरी दुर्बिणीचा आरसा करायचा तर काच हातात आली की पहिला प्रश्न टूलचा, म्हणजे आरसा ज्यावर घासायचा त्या चकतीचा. वर आरसा, खाली टूल, मधे कार्बोरंडम (काच घासायची कणीदार पूड) आणि पाणी. घासत गेलं की आरसा खोल होतो आणि टूल फुगीर. 150 मिमी व्यास आणि 1200 मिमी फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमा जमते तिथवरचं अंतर) धरली तर मध्यभागी जेमतेम 1.2 मिमी खोली लागते. तेवढ्याच फोकल लेंग्थचा 200 मिमीचा आरसा करायचा तर 2.1 मिमी. फरक किरकोळ वाटतो, पण काढायची काच तिपटीहून जास्त होते. म्हणून व्यास आधी पक्का करा, टूल मग.

सहा इंचीला (150 मिमी) माझं मत सरळ आहे: काचेवर काच. आरशाएवढीच दुसरी चकती कापून घ्यायची, दोन्हींच्या कडा घासून बोथट करायच्या आणि कामाला लागायचं. टूलची काच 12 मिमी जाडीची असली तरी चालते, फक्त खाली सपाट आधार हवा. खर्च थोडा जास्त, पण काच धुतली की स्वच्छ होते. कार्बोरंडमचा नंबर जेवढा मोठा तेवढा दाणा बारीक; 80 नंबरचा दाणा साधारण 0.2 मिमीचा असतो. तो एक जरी कुठे लपून राहिला आणि 500 नंबर चालू असताना बाहेर आला, तर आरशावर असा ओरखडा उमटतो की पुन्हा मागच्या नंबरावर जावं लागतं. टूल निवडताना मी भावाआधी हेच बघतो. काचेची खोड एकच. बारीक नंबरांना पाणी कमी पडलं की दोन्ही काचा एकमेकींना घट्ट चिकटतात.

आठ इंच (200 मिमी) आणि पुढे गेलात की डेंटल स्टोन (दातांचे साचे ओतायचं कडक प्लास्टर) आणि टाइल्स. सीलिंगवाल्याकडचं पीओपी स्वस्त मिळतं, पण ते घेऊ नका. पीओपीला 100 ग्रॅमला 50 मिली पाणी लागतं, डेंटल स्टोनला 30 च्या आसपास. जादा पाणी सुकून गेलं की मागे पोकळ्या राहतात आणि टूल ठिसूळ होतं. दातांच्या डॉक्टरांना माल पुरवणाऱ्या दुकानात डेंटल स्टोन मिळतो.

आधी एखाद्या लोखंडी रिंगने आरसा खोल करून घ्या. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या भंगारात जुना फ्लँज (पाइप जोडायची जाड रिंग) सहज सापडतो. लोखंडाचा उपयोग इथवरच. बारीक दाणे धातूत रुततात. मग आरशावर पातळ प्लॅस्टिक ताणून बसवा, भोवती पुठ्ठ्याची कड बांधा आणि मिश्रण ओता. चकती सुटली की फुगीर बाजूवर इपॉक्सीने टाइल्स चिकटवा. व्हिट्रिफाइड फरशीचे तुकडे टाइल बसवणाऱ्या मिस्त्रीकडून इंचभर चौकोनांत कापून आणा. बाथरूमच्या भिंतीची टाइल आतून मऊ असते, लवकर झिजते. तुकड्यांमधे 3-4 मिमीची फट ठेवा, म्हणजे पाणी आणि दाणे फिरत राहतात आणि आरसा चिकटत नाही. चकतीचं केंद्र एखाद्या टाइलच्या बरोबर मध्यावर किंवा चार फटींच्या चौकात येऊ देऊ नका, नाहीतर आरशाच्या मधोमध गोल खड्डा किंवा उंचवटा तयार होतो. शेवटी फटींमधून आणि कडेवरून इपॉक्सीचा हात फिरवा. तो कंटाळून टाळलात तर 80 नंबरचे दाणे त्याच भुसभुशीत फटींत जाऊन बसणार.

सिमेंट कोणासाठी? पैसे अगदी मोजून असतील किंवा आरसा मोठा असेल त्याच्यासाठी. घट्ट होतं, जड असतं, जागचं हलत नाही. पण किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं आणि मिश्रणात वाळू घातलीत तर तिचा सुटा कण कार्बोरंडमपेक्षा वाईट. त्यालाही इपॉक्सी हवीच, म्हणजे वाचलेल्या पैशातले थोडे तिथे गेले.

आणि जून ते सप्टेंबरमधे काम काढणार असाल तर काचच बरी. पावसाळी हवेत ओतलेलं टूल आतून ओलं राहतं, त्यावर इपॉक्सी नीट धरत नाही आणि टाइल्स ऐन घासताना निघून येतात. डेंटल स्टोनच करायचा असेल तर दिवाळीनंतर ओता. नाशिकच्या कोरड्या थंडीत चकती खडखडीत वाळते.