जुन्या बाजारातलं क्लॅरिनेट आणि ते दुरुस्त करणारे मास्तर

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी १५०० रुपयांना क्लॅरिनेट घेतलं. दुरुस्तीचा अंदाज निघाला २८०० रुपये, म्हणजे किमतीच्या जवळजवळ दुप्पट. भाऊ म्हणाला, "ताई, त्यापेक्षा थोडे साठवून नवीन प्लॅस्टिकचं घे." तरी मी दुरुस्त करून घेतलं. ज्यांनी ते केलं त्या मास्तरांबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण आधी त्यांनीच मला नको म्हणून सांगितलं होतं.

मास्तर लग्नाच्या बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतात. जिन्याखालची खोली, स्पिरिटचा दिवा, लाखेच्या कांड्या, पॅडचे (चावीखाली बसून भोक बंद करणाऱ्या मऊ गाद्यांचे) डबे. त्यांनी क्लॅरिनेटचे पाचही तुकडे सुटे केले. आधी उजेडात धरून तडा शोधला. लाकडी असतं तर वरच्या तुकड्याला तडा जायची भीती जास्त, पण हे एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं निघालं, शाबूत. मग भोकं बोटांनी झाकून, खालचं तोंड तळहाताने दाबून हवा ओढली. टिकली नाही. प्रत्येक पॅडखाली सिगारेटच्या कागदाची पट्टी सरकवून पाहिली. १३ चाव्यांपैकी ९ चाव्यांचे पॅड गेलेले. सांध्यांचे कॉर्क भुगा झालेले, माउथपीसची कड उडालेली.

एवढं सगळं होऊनही ते "होईल" म्हणाले. मग स्वतःचं माउथपीस लावून, एकही भोक न झाकता त्यांनी एक सूर काढला आणि शेजारच्या पेटीवर पांढरी चार (चौथी पांढरी पट्टी) दाबली. जुळायला हवं होतं, जुळेना. सूर पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध लागत होता. बॅरलखाली, म्हणजे माउथपीसला लागून असलेल्या छोट्या तुकड्याखाली, भिंगातून पाहिलं तर एच आणि पी ही दोन अक्षरं कोरलेली.

"ताई, हाय पिच आहे. इंग्रजांच्या पलटणीच्या बँडमधलं असेल. यात पैसे घालू नका."

आज ए हा सूर ४४० हर्ट्झवर धरतात, त्या काळच्या हाय पिचमध्ये तो ४५२ च्या आसपास होता. बॅरल ओढून नळी लांब केली तर सूर उतरतो, पण सगळे सारखे उतरत नाहीत. वरच्या भोकांचे जास्त उतरतात, खालच्यांचे कमी, आणि सप्तकच मोडतं. हे सगळं त्यांनी वाजवून ऐकवलं. गिऱ्हाईक आपणहून पैसे द्यायला आलेलं असताना अर्धा तास देऊन त्याला परत पाठवणारा कारागीर मला तरी याआधी भेटला नव्हता.

पण मी गाणं शिकले आहे. मला बँडमध्ये बसायचं नाही, पेटीही नको. मला तानपुरा पुरतो, आणि तानपुरा वाद्याच्या सुराला लावता येतो. हे सांगितल्यावर मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग करू."

आठ दिवस म्हणाले होते, लग्नसराईमुळे तीन आठवडे लागले. पावती नाही. करंगळीच्या एका चावीची स्प्रिंग कडक राहिली म्हणून पुन्हा जावं लागलं, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. माउथपीसचे ७०० वेगळे. काम मात्र चोख. चाव्या मऊ, कुठेही हवा सुटत नाही.

मुलाला शाळेच्या बँडसाठी हवं असेल तर असं वाद्य घेऊच नका. सूर जुळणार नाही, आणि या जुन्या १३ चाव्यांच्या वाद्याची बोटंही हल्लीच्या तक्त्यांपेक्षा वेगळी पडतात. घेण्याआधी ती दोन अक्षरं नक्की शोधा.

माझा सा आता काळी पाचच्या थोडा वर आहे. मोबाइलवरचा तानपुरा तेवढा चढवून रोज सकाळी भूप वाजवते. बासरीत फुंक वाढवली की सा चा वरचा सा मिळतो. इथे मंद्रातला (खालच्या सप्तकातला) सा धरून अंगठ्याची चावी दाबली की मधल्या सप्तकातला प येतो. त्या उडीला माझा कान अजून सरावलेला नाही, म्हणून सध्या सा आणि प, एवढंच पुन्हा पुन्हा.