आरएक्स १००चं इंजिन पुन्हा कंपनी सेटिंगवर: काही महिने चालवल्यानंतर

माझ्या आरएक्स १०० बाइकचं इंजिन कंपनी सेटिंगवर, म्हणजे कारखान्यातून आलं तसं, आणल्यापासून पावसाळा आणि हिवाळा दोन्ही उलटले. रोज कोल्हापूर ते कागल, सुट्टीला गगनबावडा नाहीतर राधानगरी, असं चालवून मगच लिहितोय. यामाहा आरएक्स १०० कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच सगळ्यात चांगली पळते, असं माझं आता पक्कं मत झालंय.

गाडी १९९४ची. आधीच्या मालकाने हौसेने एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याचं भोक) घासून वर नेलेला, हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) फेसिंग करून ते घासलेलं, मोठा कार्बोरेटर लावलेला, सायलेन्सरमधली जाळी उडवलेली आणि पेट्रोलपासून वेगळं ऑइल इंजिनात सोडणारा ऑइल पंप काढून टाकलेला. आवाज गल्लीभर जायचा, पण खालच्या आरपीएमला ओढ नावाला नव्हती. गाडी गरम झाली की आयडलिंग आपोआप चढायचं आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम लवकर उतरायचा नाही.

हे आरपीएम न उतरणं फार महत्त्वाचं लक्षण आहे. ते दिसलं की बहुतेक जण आधी कार्बोरेटर खोलतात, जेट (त्यातली पेट्रोल सोडणारी भोकं) बदलत बसतात. पण आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हाच पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा पंप असतो. पिस्टन वर जाताना रीड व्हॉल्वमधून (एकाच दिशेने उघडणाऱ्या पडदीतून) मिश्रण आत ओढलं जातं, खाली येताना तेच ट्रान्सफर पोर्टमधून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. त्या पेटीत कुठूनही फुकटची हवा शिरली की मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), गाडी तापते आणि एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून मेस्त्रींना आधी गळती शोधायला सांगितलं. क्रँकच्या टोकावरचं मॅग्नेट (वीज तयार करणारं चाक) उतरवलं, इनलेट आणि एक्झॉस्ट रबर लावून बंद केले, प्लगच्या भोकातून ५-६ पीएसआय हवा भरली (यापेक्षा जास्त भरू नका, क्रँकच्या दोन टोकांची चांगली सीलंही जागा सोडतात) आणि साबणाचं पाणी मारलं. मॅग्नेटच्या बाजूच्या सीलवर लगेच बुडबुडे आले. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर खूण वेगळी: गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत जाते. इंजिन खोललंच होतं, तर दोन्ही सीलं आणि क्रँकची बेअरिंगं एकदमच बदलली.

सगळ्यात जास्त वेळ ब्लॉक (सिलिंडर) शोधण्यात गेला. घासलेला पोर्ट परत भरून येत नाही, त्यामुळे न छेडलेला जुना ब्लॉकच हवा होता. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली चाल) ५०. त्यावर ०.२५ मिमीच्या पायरीने मोठे पिस्टन मिळतात आणि मला मिळालेला ब्लॉक पहिल्याच पायरीत साफ झाला. बोअरिंग-होनिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं आणि घासून घेणं) कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतलं. पिस्टन सोबत न्या आणि त्याचंच माप घेऊन बोअर करायला लावा. होनिंगनंतर पोर्टच्या कडा हलक्या मारून घ्या, नाहीतर रिंग त्यात अडकते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. हेड, व्हीएम२० कार्बोरेटर आणि जाळीसकट सायलेन्सर, हे सगळं मूळ मापाचं परत आणलं. क्रँककेस मात्र बदलू नका. १एल१ने सुरू होणारा इंजिन नंबर त्यावरच असतो आणि रिपासिंगला (आरटीओत गाडीची नोंदणी वाढवताना) तोच बघतात.

ऑइल पंप परत बसवायला अनेकांनी विरोध केला. "पेट्रोलात ऑइल टाक, पंपावर काय भरवसा!" पण करूळ घाट उतरतानाचा विचार करा. थ्रॉटल बंद, आरपीएम चढलेला. पेट्रोल जवळजवळ जातच नाही, म्हणजे त्यात मिसळलेलं ऑइलही जात नाही, आणि पिस्टन मात्र धावतोच आहे. पंप इंजिनवर फिरतो, त्यामुळे थ्रॉटल बंद असला तरी थोडं ऑइल देतोच. फक्त बसवल्यावर त्यातली हवा काढावी लागते, केबलची खूण जुळवावी लागते, आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही ऑइल घालायचं.

आता गाडी चौथ्या गिअरला पस्तीसवरून न कुरकुरता ओढते. ९८ सीसीला ११ पीएस म्हणजे काय, ते जाळी लावल्यावरच कळलं, कारण या इंजिनाची ताकद सायलेन्सरमधून परत येणाऱ्या दाबावरही उभी आहे. ॲव्हरेज चाळीसच्या आसपास मिळतो, आधी तीसही मिळत नव्हता. प्लग कॉफीच्या रंगाचा निघतो. धूर फक्त सकाळी, चोकवर.

ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे दोन गोष्टी कराव्या लागल्या. जुना पेट्रोल पाइप फुगून मऊ पडला होता, तो बदलला. आणि मेन जेट एक नंबर वाढवला, कारण इथेनॉलमुळे मिश्रण लीनकडे सरकतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मी कॉक बंद करून फ्लोटमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो.

पॉइंटकडे (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचकडे) मात्र लक्ष द्यावं लागतं. बाजारातले हलके पॉइंट लवकर झिजतात, गॅप कमी झाली की टायमिंगही सरकतं आणि सकाळी दोन किक जास्त लागतात. सीडीआय (पॉइंटशिवायचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) लावून घे म्हणणारे भेटतात. मी फिलर गेज डिकीत ठेवतो, गॅप ०.३ ते ०.४ मिमीमध्ये आहे का पाहतो आणि टायमिंग डायल गेजने तपासून घेतो. पुढचं काम क्लच प्लेट्सचं, त्या चढाला घसरायला लागल्यात.